वहीत लिहून ठेव, कोणाला काय ठाऊक आहे

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. संवादलेखकाच्या हाताखाली लागून तुला जेमतेम चार महिने झालेत आणि तू आत्ताच प्रेक्षकांवर रुसलास. प्रोमोखालच्या प्रतिक्रिया तू मला निवडून पाठवल्यास: बंद करा ही मालिका, लेखकाला घरी बसवा, नायिकेला अक्कल कधी येणार. आणि शेवटी विचारलंस, की ताई, याच आठवड्यात टीआरपी वर गेला, मग खरं कोण बोलतंय?

दोघंही. पण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि तू ती एकाच ताटात वाढून घेतलीस.

टीआरपीचं आधी उरकते, कारण त्यात फार रस नाही. देशभरातल्या ५५-६० हजारांच्या आसपास घरांत बार्कचं, म्हणजे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचं, यंत्र बसवलेलं असतं. वाहिनीच्या आवाजात एक न ऐकू येणारी खूण मिसळलेली असते, यंत्र ती ओळखतं. कोण बघतंय हे कळावं म्हणून घरातल्या प्रत्येकानं आपापलं बटण दाबायचं. एवढ्यावरून दर गुरुवारी आकडा येतो, तोही आधीच्या आठवड्याचा. किती जण बसले होते ते आकडा सांगतो. ते का बसले, आणि बसल्या बसल्या काय पुटपुटत होते, ते सांगायची सोय त्यात नाही. आमच्या शेजारच्या काकू सव्वाआठला टीव्हीसमोर बसतात आणि साडेआठपर्यंत नायिकेच्या नावानं बोटं मोडतात. त्यांच्या घरी यंत्र असतं तर त्यांचा राग आणि कुणाचं प्रेम एकाच भावानं मोजलं गेलं असतं.

तो ‘का’ फक्त चर्चा करणारी माणसं सांगतात. वाईट शब्दांत, उलटंसुलटं, कधी शिव्या देऊन, पण सांगतात. तुला ते आपल्या धंद्याच्या भाषेत वळवून घ्यायला शिकायचंय. कलाकाराच्या रंगावर, वजनावर, वयावर जे लिहिलेलं असेल ते सरळ टाकून दे. उरेल ते सोनं आहे, फक्त मातीसकट आलंय.

उदाहरण घे. ‘होणार सून मी ह्या घरची’ चालू होती तेव्हा तू शाळेत असशील. जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की गावभर विनोद झाले. लेखकांच्या खोल्यांतून तेव्हा एकच म्हणणं ऐकू यायचं, की लोकांना धीर नाही. मला ते पटलं नव्हतं. धीर नसलेली माणसं आठवड्याचे सहा दिवस येऊन बसत नाहीत. खरी गोम वेगळी होती. आपण मालिकेत गणपती बसवतो तो भाद्रपदातच, दिवाळीचा फराळ करतो तो दिवाळीतच, वडाला सूत गुंडाळतो ते ज्येष्ठातल्या पौर्णिमेलाच. म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय आपणच प्रेक्षकाच्या हातात दिलेलं असतं. मग त्याच घरातलं पोट मात्र कालनिर्णय मानायला तयार नाही. बायका बोटांवर महिने मोजणारच, आणि त्यात बायकांचा हात कोण धरणार! ‘किती ताणलंय’ असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा नव्वद टक्के वेळा त्याचा अर्थ ‘तुमची दोन घड्याळं जुळत नाहीत’ असा असतो. (नव्वद टक्के हा माझा अंदाज, बार्कचा नव्हे.)

कारण नुसती लांबी हा आजार नाही. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले, नावावरून टिंगल झाली आणि तरी घराघरांत ती वेळ राखून ठेवलेली होती. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी संपली आणि लोक अजून घना-राधाचं नाव काढतात. दोन्ही चालल्या. तेव्हा लांबीवरून भांडणाऱ्याला विचारून बघ, नेमकं कुठे कंटाळा आला? तो भाग क्रमांक सांगणार नाही, प्रसंग सांगेल. आणि तो प्रसंग बहुधा असा असेल, की ज्यात पात्राला आधी कळलेली गोष्ट लेखक विसरला.

हेच मला तुला सांगायचंय, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. प्रेक्षक योगायोग माफ करतात. एका शहरात एकाच चेहऱ्याची दोन माणसं माफ करतात. झोपतानाची पैठणी आणि गजराही कुरकुरत माफ करतात. पात्राचा विसरभोळेपणा माफ करत नाहीत. नायिकेनं परवा स्वतःच्या कानांनी जावेचं कारस्थान ऐकलं आणि आज तिच्याच हातचं दूध निमूट पितेय, इथे माणूस रिमोट उचलतो. ‘नायिकेला अक्कल कधी येणार’ ही ओळ तू चिडून पाठवलीस ना? ती परत वाच. तिला अक्कल आलेली होती, ती आपण काढून घेतली, असं त्या बाई म्हणतायत.

माझीच एक लाज सांगते. फार वर्षांपूर्वीची मालिका, नाव राहू दे. त्यात एक आत्याबाई होत्या. सुरुवातीच्या एका भागात मी त्यांच्या तोंडी घातलं होतं, ‘आम्हाला कुठलं अक्षर कळायला, आमची शाळा म्हणजे चूल.’ वाक्य टाळ्यांचं होतं, मीही खूश. पुढे तीनशेच्या आसपासच्या भागात शुक्रवारचा शेवट जमत नव्हता. रात्रीचे अकरा वाजलेले, सकाळी सातला शूटिंग. मी आत्याबाईंच्या हाती एक चिठ्ठी दिली, त्यांनी ती वाचली, डोळे विस्फारले, क्लोजअप, भाग संपला. युनिटमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही. दिग्दर्शकाच्या नाही, ज्यांनी ती भूमिका केली त्यांच्याही नाही. आठ दिवसांनी मिरजेहून एक पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: ‘आमच्या आत्याबाई वाचायला कधी शिकल्या?’

‘आमच्या’ हा शब्द बघ.

दोन दिवस मी ते कार्ड पर्समध्ये घेऊन फिरले. मग वाटलं, प्रश्न तर चांगला आहे, उत्तर का देऊ नये? घरातल्या धाकट्या सुनेनं दुपारच्या निजानिजेत त्यांना गुपचूप बाराखडी शिकवली, असा एक छोटा ट्रॅक लिहिला. तीन आठवडे चालला. पीठ चाळायच्या ताटात बोटानं ‘ग’ काढतानाचं दृश्य त्यात होतं. त्या मालिकेतलं माझं म्हणून कुणी काही लक्षात ठेवलं असेल तर ते तेवढंच, आणि ते एका चुकीतून, मिरजेच्या त्या बाईंच्या कृपेनं आलेलं.

आता उलट बाजूही ऐक, नाहीतर प्रत्येक प्रतिक्रियेपुढे लोटांगण घालत सुटशील. काही कुरकुरी अशा असतात की त्या ऐकून आपण खूश व्हायचं. ‘ठरलं तर मग’ बघ. नायिका सायली हीच लहानपणी हरवलेली खरी तन्वी, हे प्रेक्षकांना पहिल्यापासून ठाऊक. आणि प्रिया खोटी तन्वी म्हणून मिरवत होती, हेही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते घरातल्यांना. ‘आता तरी सांगा की’ म्हणून लोक वर्षानुवर्षं ओरडत राहिले आणि ओरडत असल्यामुळेच रोज येत राहिले. हे कर्ज आपण उघडउघड काढलेलं असतं. सावकार मुद्दलाची घाई करत नाही, व्याज थकलं की दारात उभा राहतो. म्हणून मोठं गुपित दोन वर्षं राखायचं असेल तर दर आठवड्याला एक लहान गुपित फुटलं पाहिजे. कुणाला तरी शंका आली पाहिजे, आणि आलेली शंका पुसून टाकायची नाही.

तसंच ‘रात्रीस खेळ चाले’चं. पहिलं पर्व अण्णा नाईकांच्या मरणानं सुरू झालं. दुसऱ्यात काळ मागे नेला, अण्णा आणि शेवंता आले. अण्णा मरणार हे सगळ्या महाराष्ट्राला आधीच ठाऊक होतं, तरी दुसरं पर्व पहिल्याहून जास्त गाजलं. ‘पुढे काय होणार हे कळतंच’ ही तक्रार घेऊन कुणी आला तर घाबरू नकोस. मारुती लंका जाळणार हे कळत असूनही लोक कीर्तनाला जातात.

आणि काही तक्रारी अशा, की त्या खऱ्या असतात पण त्यांचं उत्तर लेखकाकडे नसतं. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ चालली. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’, पण अरुंधती इथली होऊन गेली होती. तिचा घटस्फोट झाला, ती घराबाहेर पडली, दुसरं लग्नही झालं, तरी गोष्ट तिला पुन्हा पुन्हा देशमुखांच्याच बंगल्यात आणत राहिली. लोक वैतागले: ही त्या घराचा उंबरा सोडत का नाही? वैताग रास्तच. पण तू आता आतला माणूस आहेस, तर आतलं बघ. रोजची मालिका ही एका सेटवर संसार मांडते. दिवाणखाना, स्वयंपाकघर, दोन-तीन खोल्या, तुळशीवृंदावन. कलाकारांच्या तारखा त्या घराभोवती बांधलेल्या असतात. नायिकेला नवं घर दिलं की नवा सेट, दुभंगलेलं युनिट, आणि ज्याच्यावर प्रेक्षक दात-ओठ खातो तो माजी नवरा समोरून गायब. म्हणून गोष्ट जुन्या सोफ्यावर परत येते. हे कारण आहे, सबब म्हणून वापरू नकोस. ती का आली, याचं तिच्या मनातलं उत्तर तुला लिहावंच लागेल, आणि दर वेळी नवं. ‘मुलांसाठी’ हे उत्तर दोनदा चालतं.

‘तेच तेच बोलतात’ या तक्रारीत मात्र मी दोन्हीकडून अडकते. मालिका ही बघण्यापेक्षा ऐकायची चीज आहे. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता, कुकरच्या शिट्ट्यांमधून ती कानावर पडते. आत असलेल्या बाईला कळावं म्हणून आपण गोष्ट संवादात दोनदा सांगतो. पण आता निम्मी तरुण मंडळी लोकलमध्ये अॅपवर लागोपाठ चार भाग बघतात, तेही वेग वाढवून. त्यांना तीच वाक्यं डोक्यात खिळा ठोकल्यासारखी वाटतात. दोघांनाही खूश ठेवायची युक्ती मला सापडली नाही. एक केलं होतं: माहिती परत सांगायची तर ती दुसऱ्या पात्राच्या तोंडून, त्याच्या स्वार्थाची पुडी बांधून सांगायची. सासूनं सांगितलेली चोरी मोलकरणीनं सांगितली की ती वेगळी चोरी होते.

आता कामाचं. एक दोनशे पानी वही घे, लॅपटॉपवर नको, सेटवर कुणीही उघडून बघू शकेल अशी. प्रत्येक पात्राला दोन पानं. डाव्या पानावर त्याला काय ठाऊक आहे आणि कोणत्या भागात कळलं. उजव्या पानावर त्याला काय हवंय. ट्रॅक बदलला, लेखक बदलला, अगदी कलाकार बदलला तरी वही बदलायची नाही. कलाकार बदलतो तेव्हा तर तीच आधार असते. चेहरा नवा असला तरी मागचं दुःख ठाऊक असलेली बाई समोर आहे, हे प्रेक्षकाला आठवडाभरात पटलं पाहिजे.

आणि महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जाऊन मालिका बघ. टीव्हीकडे बघू नकोस, बघणाऱ्यांकडे बघ. कोण कुठल्या वाक्याला पाणी प्यायला उठतं ते टिपून ठेव. मी असं करताना एकदा पकडले गेले होते, पण ते पुढच्या पत्रात.

जाता जाता, परवा सोमवारी तुमचा भाग बघितला. तुमच्या आजोबांचा चष्मा गेल्याच आठवड्यात नातवाच्या हातून फुटला होता, त्यावरून केवढं रामायण झालं. सोमवारी आजोबा ओसरीवर पेपर वाचत होते, चष्म्याशिवाय, आणि बारीक टाइपातली बातमी सुनेला वाचून दाखवत होते. अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. तुमच्या हातात दोन-तीन दिवस आहेत.

— ताई