पीएचपी आणि एचटीएमएल एकाच फाइलमध्ये: वर काम, खाली पान

तुमच्या दोन तक्रारी आहेत: सभासदांच्या माहितीतली दुरुस्ती सेव्ह झाल्यावर यादीच्या पानावर जाण्याऐवजी ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ हा इशारा येतो, आणि फॉर्ममध्ये काही नावं अर्धवट दिसतात. दोन्हींचं मूळ कोड आणि मार्कअप (एचटीएमएल) यांच्या सरमिसळीत आहे.

सर्व्हर फाइल वरून खाली चालवतो. पीएचपीच्या टॅगबाहेर जे असेल ते जसंच्या तसं ब्राउझरकडे जातं, रिकामी ओळसुद्धा. एचटीटीपीत हेडर (ब्राउझरसाठीच्या सूचना) आधी आणि मजकूर नंतर, त्यामुळे मजकुराचं पहिलं अक्षर गेलं की ‘लोकेशन’ हेडर, म्हणजे दुसऱ्या पानावर जाण्याची सूचना, पाठवता येत नाही. त्या इशाऱ्यात ‘आउटपुट स्टार्टेड ॲट’पुढे फाइल आणि ओळीचा क्रमांक असतो. दोष तिथे शोधा, हेडरच्या ओळीवर नाही. ओळ १ सांगत असेल आणि तिथे काहीच दिसत नसेल, तर बहुधा फाइलच्या सुरुवातीला बीओएमचे (काही एडिटर घालतात त्या यूटीएफ-८ च्या खुणेचे) ३ अदृश्य बाइट आहेत. एडिटरमध्ये ‘यूटीएफ-८, बीओएमशिवाय’ निवडून सेव्ह करा. इन्क्लूड केलेल्या फाइलची शेवटची ओळ सांगत असेल, तर `?>` नंतर जागा किंवा रिकाम्या ओळी राहिल्यात. पीएचपी त्यानंतरची एकच नवी ओळ गिळतं, बाकीचं बाहेर जातं. म्हणून ज्या फाइलमध्ये निव्वळ पीएचपी आहे तिथे शेवटचा `?>` लिहूच नये.

घरच्या मशीनवर चालतं आणि होस्टिंगवर नाही, याचं कारण बहुतेक वेळा आउटपुट बफरिंग, म्हणजे मजकूर लगेच न पाठवता साठवून धरणं, असतं. पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना सेटिंग फाइलमध्ये ते ४०९६ बाइट ठेवलेलं असतं. तेवढ्यात बसणारी चूक लपून राहते. हे बफरिंग सुरू करणारं ‘ओबी_स्टार्ट’ घालून इशारा जाईल, पण दुखणं राहील.

खरा उपाय फाइलच्या रचनेत आहे. वरच्या भागात फक्त काम: फॉर्म तपासणं, डेटाबेसमध्ये लिहिणं, लोकेशन हेडर आणि त्याच्या लगेच पुढे ‘एक्झिट’ (हे विसरलं तर खालचा कोड चालूच राहतो), मग यादी वाचून `$सभासद` या ॲरेत ठेवणं. डॉकटाइपची ओळ त्यानंतर. तिच्याखाली क्वेरी नको. तक्त्याच्या मध्यात क्वेरी फसली तर अर्धं पान ब्राउझरकडे गेलेलं असू शकतं, आणि मग धड एरर पानही दाखवता येत नाही.

खालच्या भागात टॅग ‘एको’ने छापू नका. अवतरणचिन्हांत अवतरणचिन्हं आणि त्यांच्यापुढे बॅकस्लॅश, यातून चुका होतातच. एचटीएमएल उघडं लिहा आणि व्हेरिएबलची किंमत हवी तिथेच पीएचपीत शिरा. `<?=` ही छोटी खूण पीएचपी ५.४ पासून कुठल्याही सेटिंगवर अवलंबून नाही. लूपसाठी महिरपी कंसाऐवजी कोलन आणि शेवटी ‘एंडफॉरईच’ किंवा ‘एंडइफ’ वापरा; दोनशे ओळींनंतर नुसता `}` दिसला की तो कुणाचा ते कळत नाही. ‘स्विच’ मात्र मार्कअपमध्ये टाळाच: तो आणि पहिला ‘केस’ यांच्यामध्ये टॅगबाहेर स्पेस राहिली तरी पार्स एरर येतो.

आता अर्धवट नावं. डि'सोझा हे नाव एकेरी अवतरणात लिहिलेल्या ‘व्हॅल्यू’त गेलं की ब्राउझरला ‘डि’पाशीच किंमत संपल्यासारखी वाटते. अशी खास चिन्हं सुरक्षित रूपात बदलणारं ‘एचटीएमएलस्पेशलकॅर्स’ लावूनही हे होत असेल तर पीएचपीची आवृत्ती बघा, ८.१ च्या आधी ते फंक्शन एकेरी अवतरणाला आपणहून हात लावत नसे. त्याला ‘ईएनटी_कोट्स’ (दोन्ही प्रकारची अवतरणं बदल) आणि ‘यूटीएफ-८’ स्पष्ट देणारं छोटं फंक्शन एकदा लिहून ठेवा आणि सगळीकडे तेच वापरा. पीएचपीत नाव देवनागरीतही चालतं:

`<?= सुरक्षित($ओळ['नाव']) ?>`

हे छापतानाच लावायचं, डेटाबेसमध्ये साठवताना नाही; नाहीतर `&` दोनदा बदलून पानावर कचरा दिसतो. आणि हे फक्त एचटीएमएलसाठी आहे. लिंकच्या पत्त्यात किंमत जोडताना आधी ‘रॉयूआरएलएन्कोड’ लावा. स्क्रिप्ट टॅगमध्ये किंमत द्यायची तर ‘जेसन_एन्कोड’, सोबत ‘जेसन_हेक्स_टॅग’. भोवती स्वतःची अवतरणं घालू नका, ती ‘जेसन_एन्कोड’ स्वतः घालतं. मराठी अक्षरं त्यात `\u` च्या रूपात दिसतील. जावास्क्रिप्ट ती नीट वाचतं, त्यामुळे ती बिघडली समजून दुरुस्त करायला जाऊ नका.