झाडी काढली, आता पाणी रानात थांबेना

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, म्हणून उत्तर एकत्र देतो.

बार्शी तालुक्यात बालाघाटाच्या पायथ्याला राहणारे एक शेतकरी लिहितात: "चार एकर उताराचं मुरमाड रान. बाभूळ, हिवर, बोरी, तरवड माजलेली. दोन वर्षांपूर्वी जेसीबी लावून मुळासकट काढली आणि तूर-सोयाबीन केलं. आता मोठा पाऊस झाला की ओघळी पडतात, गढूळ पाणी खालच्या भावकीच्या रानात शिरतं आणि भांडण माझ्या गळ्यात येतं. विहीर पौषातच तळाला जाते. पाऊस तर तेवढाच आहे."

दादा, पाऊस तेवढाच आहे, पण तो तुमच्या जमिनीत आता शिरत नाही. गेल्या आठवड्यात मी रान बघायला आलो होतो. तेलाचा डबा दोन्ही बाजूंनी कापून बांधावर वाचलेल्या बाभळीखाली चार बोटं ठोकला आणि तांब्याभर पाणी ओतलं. वाकून बघेपर्यंत पाणी गेलं. तोच डबा वीस पावलांवर, मोकळ्या रानात ठोकला. चहा पिऊन झाला तरी आत बोटभर पाणी उभं होतं. प्रत्येकानं आपल्या रानात हे एकदा करून पाहावं.

झाडीखाली पाचोळ्याची गादी असते. थेंबाचा मार ती झेलते. मेलेल्या मुळांच्या पोकळ नळ्या, वाळवीची आणि मुंग्यांची बिळं यांतून पाणी खोल उतरतं. उघड्या रानात थेंब सरळ ढेकळावर बसतो, माती फुटते, बारीक कण छिद्रांत अडकतात आणि वर खपली धरते. त्यात जेसीबीनं वरची काळी चार बोटं माती खरवडून मुरूम वर आणलाय आणि चाकांनी जमीन दाबलीय ती वेगळीच. हिशेब करा: 50 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी दोन लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे वीस टँकर. त्यातलं निम्मं वाहून गेलं तरी चार एकरांतून चाळीस टँकर तासा-दोन तासांत भावकीच्या रानावर रिकामे होतात.

झाडी कशी काढली यावर किती अवलंबून असतं, याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. नायजेरियात इबादान इथल्या संशोधन केंद्रावर 1979 साली उष्ण कटिबंधातलं जंगल वेगवेगळ्या पद्धतींनी काढून शेती केली गेली. जिथं तिथल्या जुन्या रीतीनं, काही झाडं राखून हातानं साफसफाई केली, तिथून सुमारे 3 मिलिमीटर पाणी वाहिलं. जिथं यंत्रानं झाडं पाडून मुळं ओढली आणि वर नांगरट केली, तिथून सुमारे 250 मिलिमीटर. माती पहिल्या ठिकाणी हेक्टरी जवळजवळ काहीच गेली नाही, दुसऱ्या ठिकाणी 20 टनांच्या घरात गेली. पाऊस दोन्हीकडे तोच. म्हणून ज्यांचं रान अजून काढायचं आहे त्यांना हात जोडून सांगतो, मुळं उपटू नका. वरून छाटा, बुंधे जमिनीत कुजू द्या, उताराला आडवे पट्टे राखा. साग, आंबा, चिंच, जांभूळ असली झाडं परवानगीशिवाय तोडताच येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

सांगोल्याच्या ताईंचा प्रश्न: "झाडं पाणी पितात, मग तोडल्यावर विहिरीला पाणी वाढायला नको का?" ताई, झाडं पाणी पितात हे खरंच आहे. जगभरातल्या 94 पाणलोटांवरच्या प्रयोगांचा 1982 साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही झाडी कमी झाली की ओढ्याला वर्षाचं एकूण पाणी वाढतं असंच दिसलं. पण ते कधी येतं ते बघा. जमीन भुसभुशीत राहिली तर वाचलेलं पाणी मुरून उन्हाळ्यात झऱ्याला येतं. जमीन दाबली गेली, खपली धरली, तर सगळं पावसाच्या दिवशीच ओढ्यानं निघून जातं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दुसरंच घडतं, कारण हस्ताचा पाऊस तास-दीड तासात कोसळतो.

करमाळ्याहून उजनीच्या काठच्या एकानं विचारलंय की सह्याद्रीतलं जंगल तुटलं तर धरणात पाणी जास्त येईल का. पुराच्या दिवसांत येईल, पण गाळ घेऊन. भीमा भीमाशंकरला उगम पावते आणि आपल्याकडे कोरडं असलं तरी उजनी घाटातल्या पावसावर भरते. तिथला डोंगर बोडका झाला तर त्याची माती धरणाच्या तळाशी येऊन बसेल, आणि पाण्याची जागा कायमची जाईल.

आता बार्शीच्या रानाचं काय करायचं ते. काम माथ्यावरून सुरू करा, खालून केलेला बांध पहिल्याच पुरात फुटतो. सगळ्यात वरचा, चढाचा भाग वहितीतून सोडा. तिथं समपातळी चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर काढून मारवेल, पवना गवत लावा आणि मधून लिंब, बोर येऊ द्या. उरलेल्या रानात नांगर, कुळव, पाभर सगळं उताराला आडवं. यंदा सोयाबीन घेऊ नका. मुरमाड जमिनीला बाजरी आणि तूर 2:1 ओळींत घ्या, बाजरी निघाली तरी तूर रान झाकून ठेवते. ओघळीत मोकळ्या दगडांचे छोटे बांध घाला. तुरकाठ्या आणि काड जाळू नका, ओळींत पसरा. खपली धरली की लगेच कोळपा.

खालच्या भावकीचं रान भारी काळं आहे आणि रब्बी ज्वारीसाठी खरिपात उघडं पडतं. त्यांनी जुलैतच दहा बाय दहा मीटरचे चौकोनी वाफे पाडले तर त्यांच्याच रानातला पाऊस तिथंच मुरेल.

सांडव्याची, म्हणजे जादा पाणी रानाबाहेर काढायच्या वाटेची जागा मात्र एकट्यानं ठरवू नका. पहिला वळीव पडेल तेव्हा दोघंही बांधावर उभे राहा, पाणी कुठून येतं आणि कुठं वळतं ते बघून खुंट्या ठोका. मग मला फोन करा, चराची आखणी करायला कृषी सहायकांना घेऊन मी येतो.