संपादकाने चाळीस पानं काढायला सांगितलीत, काढू का?

पत्र थोडक्यात असं: जळगाव जिल्ह्यातली, एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली विद्यार्थिनी. पहिली कादंबरी 1,10,000 शब्दांची. एका प्रकाशनसंस्थेच्या संपादकांनी ती वाचून चार पानी पत्र पाठवलं. पंचाहत्तर हजार शब्दांवर आणा, आजोबांच्या काळाची पहिली चाळीस पानं काढा, अहिराणी संवाद प्रमाण मराठीत करा, नायिका गावी परतते तो शेवट बदला आणि शीर्षकही बदला. दरम्यान पैसे घेऊन मार्गदर्शन करणाऱ्या एकाने ‘काहीच बदलू नका, आम्ही छापून देतो’ असं सांगितलंय. तिचा प्रश्न: सगळं ऐकलं तर पुस्तक माझं राहील का? नाही म्हटलं तर संधी जाईल का?

उत्तर:

चार पानी पत्र आलंय ही चांगली बातमी आहे. नकार बहुधा दोन ओळींत येतो किंवा येतच नाही. नव्या लेखकाला सविस्तर पत्र लिहून पुनर्लेखन करायला लावण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन त्यासाठीच ओळखले जात. स्वतःच्या खर्चाने छापणाऱ्याचा आणि तुझ्याकडून पैसे घेऊन छापणाऱ्याचा सल्ला एकाच मापाने मोजू नकोस. तुझ्याकडून छपाईचे पैसे घेणाऱ्याला तू काही बदललं नाहीस तरी तोटा होत नाही.

पत्राला लगेच उत्तर देऊ नकोस. आठवडाभर ते बाजूला ठेव. मग वहीत प्रत्येक सूचनेपुढे दोन गोष्टी वेगवेगळ्या लिही: वाचताना संपादक कुठे अडकले आणि त्यावर त्यांनी कोणता उपाय सुचवला. जाणता वाचक जिथे अडकला तिथे बहुतेक वेळा खरंच काहीतरी बिघडलेलं असतं. उपाय मात्र त्याने घाईत, स्वतःच्या आवडीतून सुचवलेला असू शकतो. नवे लेखक इथेच फसतात. उपाय पटला नाही म्हणून ते अडचणही नाकारतात, किंवा अडचण पटली म्हणून उपाय जसाच्या तसा उचलतात.

शब्दसंख्येमागे हिशेब आहे. छापील पानावर साधारण 275 शब्द धरले तर तुझी कादंबरी चारशे पानांची, म्हणजे पंचवीस फॉर्म (फॉर्म म्हणजे छापखान्यात एकत्र छापली जाणारी सोळा पानं). पंचाहत्तर हजार शब्दांत सतरा फॉर्म होतात. पहिल्या पुस्तकाच्या प्रती थोड्या निघतात. फॉर्म वाढले की किंमत वाढते, आणि नव्या नावाचं महाग पुस्तक वाचक सहसा उचलत नाही. त्यामुळे आकड्यावर भांडण्यात अर्थ नाही, पण मधला आकडा मागता येतो. नव्वद हजारांपर्यंत तू बहुधा एकही प्रसंग न गमावता येशील. एकच गोष्ट आधी संवादातून आणि लगेच निवेदनातून सांगितलेल्या जागा शोध. पहिल्या कादंबरीत अशा जागा ढिगाने असतात.

चाळीस पानांसाठी ती छापून घे. प्रत्येक पानाच्या समासात लिही की यातली माहिती पुढे कोणत्या पानावर लागते. समास रिकामा राहिला तर ते पान जाऊ दे, कितीही सुंदर उतरलेलं असो. लागत असेल तर ती माहिती जिथे लागते तिथेच पाच-सहा ओळींत आण. संपादकांची तक्रार बहुधा आजोबांबद्दल नसावी. नायिका एकेचाळिसाव्या पानावर येते, ही त्यांची अडचण असावी.

अहिराणी सोडू नकोस. पात्रांच्या तोंडी बोलीभाषेतली रूपं लिहायला प्रमाणलेखनाचे नियमही आडवे येत नाहीत. पण पुण्या-कोल्हापूरचा वाचक अडखळू शकतो हेही खरं. निवेदन प्रमाण मराठीत ठेव. पहिल्या तीन प्रकरणांतला प्रत्येक अहिराणी संवाद असा रच की समोरच्याच्या उत्तरातून किंवा कृतीतून अर्थ कळेल. ‘काय करी ऱ्हायना?’ कुणालाही कळतं. अडचण लांब, माहितीने भरलेल्या संवादांत येते, ते छोटे कर. पानाखाली तळटीपा देऊ नकोस, कथा थांबते. शिवाय एका पानावर ‘माले’, ‘तुले’, ‘ऱ्हायना’ अशी रूपं ठरवून लिही आणि ते पान संहितेबरोबर पाठव. नाहीतर मुद्रितशोधक सद्हेतूने अर्धी अहिराणी ‘दुरुस्त’ करेल.

शेवट लगेच बदलू नकोस. ‘पटत नाही’ हा अभिप्राय शेवटाबद्दल आला तरी दोष अनेकदा साठ-सत्तर पानं आधी असतो. नायिका परतेल याची तयारी झालेलीच नसते. संपादकांचं पत्र न दाखवता दोन वाचकांना संहिता दे आणि कुठे विश्वास उडाला तेवढंच विचार. दोघांनी एकच जागा दाखवली तर ती दुरुस्त कर, शेवट तसाच राहू दे.

शीर्षकावर भांडू नकोस. पाच पर्याय दे आणि त्यांना निवडू दे.

मग संपादकांना एक पानाचं पत्र लिही: कोणत्या सूचना मान्य, कुठे अडचण मान्य पण उपाय वेगळा, आणि काय बदलणार नाही व का. शेवटच्या गटात दोनपेक्षा जास्त गोष्टी नकोत. तुझ्या बाबतीत त्या अहिराणी आणि शेवट. सोबत नव्याने लिहिलेलं एक प्रकरण, वीसेक पानांचं, जोड आणि ही दिशा चालेल का ते विचार. संपूर्ण पुनर्लेखन होकार आल्यावरच सुरू कर. मूळ संहितेची फाइल तारखेसह वेगळी ठेव, तिच्यावरच खाडाखोड नको.

करारावर सही करण्याआधी ‘अंतिम मुद्रितास (छपाईआधीच्या शेवटच्या प्रुफाला) लेखकाची लेखी संमती’ हे कलम मागून घे. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी करारानेच हस्तांतरित होतात. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कलम 57 प्रमाणे, हक्क दिल्यानंतरही तुझ्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला तुला हरकत घेता येते. हे माहीत असू दे, संपादकांना मात्र ऐकवू नकोस. अनुवाद, ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क वेगळे ठेव.

दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण कर. त्यानंतरही शांतता असेल तर लेखी कळवून संहिता दुसरीकडे पाठव, पण सुधारलेली. आणि एम.ए.चा प्रबंध या काळात मागे टाकू नकोस, त्याची तारीख विद्यापीठ पुढे ढकलणार नाही.