घंटांचा ‘पील’ : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : इंग्लंडमधल्या एका चर्चमध्ये घंटांचा ‘पील’ तीन तास चालला, हे मराठीत ‘तीन तास घंटानाद’ असं लिहिलं तर चालेल का?

चालेल, पण वाचणाऱ्याला तहसील कचेरीसमोरचं आंदोलन आठवेल. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेला ‘घंटानाद’ शोभतो. तीही मूळची पोर्तुगीजांची, वसईच्या लुटीतली, पण एकटी. पीलमध्ये घंटांचा संच असतो आणि सगळी गंमत त्यांच्या क्रमाची.

प्रत्येक घंटेचा दोर वेगळा, ओढणारा वेगळा. घंटा मोठ्या चाकाला जोडलेली, तोंड वर करून उभी. दोर ओढला की पूर्ण फेरा घेऊन ती पुन्हा तोंड वर करून थांबते. पकडीसाठी दोरावर लोकरीचा जाड, रंगीत भाग विणलेला असतो, त्याला ‘सॅली’ म्हणतात. सर्वांत लहान घंटा ‘ट्रेबल’, सर्वांत मोठी ‘टेनर’. आधी लहानीपासून मोठीपर्यंत उतरत्या स्वरांत वाजवतात आणि मग क्रम पालटू लागतो : १२३४, २१४३, २४१३, ४२३१... शेकडो किलोंची घंटा मनात येईल तेव्हा आधी किंवा नंतर वाजवता येत नाही, म्हणून एका वेळी प्रत्येकीनं फार तर एकच घर सरकायचं. समोर कागद नसतो, सगळं तोंडपाठ. मुख्य वादक मध्येच ‘बॉब!’ किंवा ‘सिंगल!’ असं ओरडतो, क्रमाची चाल बदलण्याचा तेवढाच इशारा.

सात घंटांचे एकूण ५०४० क्रम होतात. ते सगळे, एकही पुन्हा न येता वाजवले की पील पूर्ण. नॉर्विचच्या सेंट पीटर मॅन्क्रॉफ्ट चर्चमध्ये २ मे १७१५ रोजी तो झाला. आठ घंटांचे होतात ४०,३२०; तेही १९६३ साली लफबरोत जवळजवळ अठरा तास दोर ओढून पुरे केले. (जेवणाखाणाचं काय केलं असेल, देव जाणे.)

आता ५०४० हा आकडा आपल्याकडच्या गाण्याच्या अभ्यासकाला नवा नाही. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांचे इतकेच क्रम मोजले आणि त्या मांडणीला ‘प्रस्तार’ म्हटलं. भेंडीबाजार घराण्याची मेरुखंडाची, म्हणजे स्वरांचे क्रम पालटत गाण्याची, तालीम त्याच हिशेबावर उभी आहे. एक घर सरकण्याची अट तिथे नाही, कारण गळ्याला वजन नसतं. पण कल्पना तीच. म्हणून असा क्रम पालटत घंटा वाजवण्याला, म्हणजे ‘चेंज रिंगिंग’ला, मी ‘घंटांचा प्रस्तार’ म्हणेन आणि एकेका ‘चेंज’ला ‘पालट’. पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या चर्चमध्ये आठ घंटा आहेत, तिथलं वर्णन करतानाही हे शब्द कामी येतील.

‘पील’ मात्र तसाच ठेवावा, पुल्लिंगी. पहिल्यांदा येईल तिथे ‘पाच हजारांहून अधिक पालटांचा पील’ असं लिहिलं की पुरे. साधारण साडेबाराशे पालटांचा ‘क्वार्टर पील’ही असतो, त्याचा ‘पाव पील’ तेवढा करू नका, बेकरीतला वाटतो.