बॉलिंगचा पहिला गेम स्वस्तातलाच घे, भावा

भावा, पिना पाडायच्या बॉलिंगचा पहिलाच व्हिडिओ गेम घेतोयस तर महागाच्या मागं लागू नकोस. सेलमधला दीड-दोनशेचा बिनधास्त घे. या खेळाला लागतं काय? एक लेन, 10 पिना आणि बॉल. ग्राफिक्स साधे असले तरी चालतंय, पण पिना कशा पडतात ते आधी व्हिडिओत नीट बघ. एखादी पिन डुलत डुलत शेजारचीला घासून पडली, तर गेम चांगला. दरवेळी सगळ्या ठरवल्यासारख्या एकाच पद्धतीनं कोसळल्या, तर सोडून दे.

बॉल सरळ मधोमध मारू नकोस. पुढच्या पिनेच्या थेट नाकावर बसला की स्प्लिट व्हायची, म्हणजे उरलेल्या पिना एकमेकींपासून लांब राहायची भीती असते. उजव्या हाताचा खेळाडू असेल तर पहिल्या आणि तिच्या उजवीकडं मागं असलेल्या तिसऱ्या पिनेमधल्या फटीत, थोडा हुक देऊन, म्हणजे वळवून घाल. पहिल्याच बॉलला सगळ्या पिना पडल्या की स्ट्राइक. स्ट्राइकला 10 अधिक पुढच्या 2 बॉलचे गुण मिळतात, म्हणून 10 फेऱ्यांच्या डावात, शेवटचे 2 जादा बॉल धरून, सलग 12 स्ट्राइक म्हणजे 300.

आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी रविवारी मिसळ झाली की एकच कंट्रोलर हातोहात फिरतो. आईसुद्धा खेळते, बटण दाबताना तिचा खांदा आपोआप वळतो. पंधरा मिनिटांत डाव संपतो, आणि हरलेला लगेच म्हणतो, "अजून एक लाव."