वाचकांचे प्रश्न : पेसोआच्या पेटीतला क्रम

प्रश्न : पोर्तुगीज लेखक फर्नांदो पेसोआ यांचं ‘द बुक ऑफ डिस्क्वाएट’ मी इंग्रजीतून वाचतो आहे. आधी रिचर्ड झेनिथ यांचा अनुवाद वाचला, आता मार्गारेट जल कॉस्टा यांचा २०१७चा आणला. दोन्हींचा क्रम पार वेगळा! मला आवडलेले उतारे नव्या प्रतीत शोधताना नाकी नऊ आले. मूळ पोर्तुगीज पुस्तकातला खरा क्रम कोणता? — एक वाचक, मडगाव

उत्तर : तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं, कारण ‘मूळ पुस्तक’ नावाची वस्तूच नाही. पेसोआ ३० नोव्हेंबर १९३५ला लिस्बनमध्ये वारले, तेव्हा वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. हयातीत छापून आलेलं त्यांचं पोर्तुगीज कवितांचं पुस्तक एकच, १९३४चं ‘मेन्साजें’. बाकीचं सगळं एका लाकडी पेटीत. पुढे मोजदाद झाली तेव्हा कागद भरले २७ हजारांहून जास्त.

कागद तरी कसले? पेसोआ लिस्बनमधल्या व्यापारी पेढ्यांची इंग्रजी-फ्रेंच पत्रं लिहून पोट भरत. त्यामुळे कविता पेढीच्या छापील लेटरहेडवर, वापरलेल्या पाकिटाच्या पाठीवर, जाहिरातीच्या कपट्यावर. काही टाइप केलेलं, काही घाईघाईने पेन्सिलीने खरडलेलं. भाषाही तीन, कारण त्यांचं लहानपण डर्बनच्या इंग्रजी शाळेत गेलं होतं. मृत्यूच्या आदल्या दिवशी रुग्णालयात लिहिलेलं शेवटचं वाक्यसुद्धा इंग्रजीतच आहे : उद्या काय घेऊन येईल, मला ठाऊक नाही.

तुमच्या हातातल्या पुस्तकाचे तुकडे या ढिगातून आले. त्यांतल्या बऱ्याच कागदांवर पेसोआंनी स्वतः ‘एल. दु डी.’ अशी खूण केली होती, म्हणजे ‘लिव्रु दु देसासोसेगु’, अस्वस्थतेचं पुस्तक. काही ठिकाणी खुणेपुढे प्रश्नचिन्ह आहे. या प्रश्नचिन्हापाशी मी नेहमी थबकते. हा उतारा पुस्तकात घ्यायचा की नाही, हे लेखकाचंच ठरलं नव्हतं; संपादकाला मात्र ठरवावंच लागतं. शिवाय हे लेखन १९१३पासून थेट १९३४पर्यंतचं, मध्ये काही वर्षं जवळपास थंडावलेलं. आधी त्याचा ‘लेखक’ विसेंत गेदश होता. मग ते बेर्नार्दु सुआरश या हिशेबनिसाच्या नावावर गेलं. दोघंही पेसोआंनी निर्माण केलेले काल्पनिक लेखक.

पहिली आवृत्ती निघायला १९८२ उजाडलं, म्हणजे लेखक जाऊन ४७ वर्षं झाली होती. तीत उतारे विषयांप्रमाणे लावले होते. झेनिथ यांनी सुआरशला पुढे घेतलं, तारखा असलेल्या उताऱ्यांचा सांगाडा धरला आणि बिनतारखेचे त्याभोवती बसवले. दुसरे संपादक जेरोनिमो पिसारो यांनी शक्य तितका कालक्रम लावला. जल कॉस्टांचा २०१७चा अनुवाद त्यावर बेतलेला आहे, म्हणून तिथे गेदश आधी भेटतो. दोन्ही क्रम अभ्यासातून आलेले आहेत, पण पेसोआंचा त्यातला एकही नाही.

मी एवढ्या पोटतिडकीने का लिहिते आहे, तेही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका दिवंगत कवीचे कागद आमच्या ग्रंथालयात आले. मी उत्साहाने गंजलेल्या टाचण्या काढल्या, पानं सरळ केली आणि तारखेप्रमाणे फायलींत लावली. सगळे म्हणाले, काय छान काम केलंस! काही वर्षांनी एक विद्यार्थिनी आली. एका कवितेचे दोन खर्डे होते आणि त्यांतला कोणता कोणत्या पत्राबरोबर होता, एवढंच तिला हवं होतं. आम्ही दोघी खिडकीपाशी बसून एकेका पानाच्या कोपऱ्यातले गंजाचे डाग जुळवत राहिलो. दोन डाग जुळले, बाकीचे नाही जुळले. कवीने आपल्या हाताने जे एकत्र टाचलं होतं, ते मी सुटं करून ठेवलं होतं, आणि ते परत जोडता आलं नाही. आजही ती फाईल आठवली की जीव कळवळतो.

म्हणून सांगते, लेखकाच्या कागदांत काय कशाला लागून होतं, ही त्याची स्वतःची साक्ष असते. लेखकाच्या बोलण्याहूनही ती कधीकधी पक्की ठरते. पेसोआंनी जानेवारी १९३५मध्ये एका तरुण समीक्षकाला पत्रात लिहिलं की, ८ मार्च १९१४ला एका उंच कपाटापाशी उभं राहून त्यांनी आल्बेर्तु कायैरु या आपणच निर्माण केलेल्या कवीच्या नावाने तीसेक कविता एका दमात लिहिल्या. हस्तलिखितं तपासली तर वेगवेगळे कागद, वेगवेगळ्या लेखण्या, वेगवेगळ्या तारखा निघाल्या. ती दंतकथा सुंदरच आहे, पण मला कपाटापाशी पुनःपुन्हा परत येणारा, खोडून लिहिणारा पेसोआ जास्त जवळचा वाटतो.

तुम्ही वाचायचं कसं? पहिल्या वाचनाला झेनिथ ठेवा, आवाज चटकन ओळखीचा होतो. मग दुसरी प्रत घेऊन पेसोआ बदलत कसे गेले ते पाहा. शोधाशोध करायचीच असेल तर कोइंब्रा विद्यापीठाने २०१७मध्ये खुला केलेला ‘एलदुडी’ डिजिटल संग्रह आहे. त्यात चार संपादकांच्या आवृत्त्या शेजारीशेजारी लावून बघता येतात आणि मूळ कागदाचं छायाचित्रही दिसतं.

प्रश्न : ते कागद आज कुणाच्या ताब्यात आहेत? माझी आत्या पणजीच्या लायसियममध्ये शिकली, पोर्तुगीज उत्तम वाचते. तिला ते घरबसल्या दाखवता येतील का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : कुटुंबाने ते बरीच वर्षं जपले. १९७९मध्ये पोर्तुगाल सरकारने मोठा भाग विकत घेतला आणि तो लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आला. २००८मध्ये वारसांकडचे काही कागद लिलावात निघाले तेव्हा बरीच खळबळ उडाली, आणि २००९मध्ये हा संग्रह राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाला. पेसोआंची स्वतःची पुस्तकं मात्र ते शेवटची पंधरा वर्षं राहिले त्या घरी, लिस्बनच्या कांपु द ओरीक भागातल्या ‘काझा फर्नांदो पेसोआ’त आहेत. त्यांच्या समासातल्या पेन्सिलीच्या नोंदींसकट ती आता ऑनलाइन पाहता येतात. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल विभागात त्यांच्या वह्याही आहेत.

आत्याबाईंना आधी वह्या दाखवा, मोठ्या पडद्यावर. अक्षर किचकट आहे, अभ्यासकांचेही काही शब्दांवर मतभेद आहेत. त्यांना एखादा शब्द वेगळा लागला, तर पानाच्या क्रमांकासह मला जरूर कळवा.