दुर्बिणीतून ऑपरेशन झालेला गुडघा पाच आठवड्यांनंतर

प्रश्न : मी ५१ वर्षांची असून नागपुरात शिक्षिका आहे. मार्चमध्ये गच्चीवर गहू वाळत घालून उठताना डाव्या गुडघ्यात कळ आली. एमआरआयमध्ये आतल्या बाजूची गादी फाटल्याचे दिसले आणि एप्रिलच्या अखेरीस दुर्बिणीतून ऑपरेशन झाले. दोनच टाके होते, दुसऱ्या दिवशी घरी आले. ‘पंधरा दिवसांत विसरून जाल’ असे सगळे म्हणत होते. आज पाच आठवडे झाले, तरी संध्याकाळी गुडघा सुजतो, जिना उतरताना पाय दगा देतो आणि डावी मांडी बारीक दिसते. महिनाअखेरीस शाळा उघडेल, माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. ऑपरेशन फसले असेल का? भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या असतात, तेव्हा मला खाली बसता येईल का? माझ्या ५६ वर्षांच्या बहिणीच्या एमआरआयमध्येही गादी फाटलेली दिसते आहे, तिनेही ऑपरेशन करून घ्यावे का?

उत्तर : आपल्या पत्रात ऑपरेशन फसल्याचे एकही लक्षण मला दिसत नाही. पाचव्या आठवड्यात संध्याकाळी येणारी आणि रात्रीच्या विश्रांतीनंतर ओसरणारी सूज या वयात नेहमीची आहे. बाहेरून दोन टाके दिसत असले, तरी आत संपूर्ण सांधा सलाइनने फुगवून, दुर्बीण आणि अवजारे फिरवून गादीचा फाटलेला भाग कापून काढलेला असतो. त्वचेवरची जखम दोन आठवड्यांत भरते, परंतु सांध्याच्या आतले अस्तर शांत व्हायला सहा ते आठ आठवडे, पन्नाशीत कधी तीन महिनेही लागतात. ‘पंधरा दिवसांत’ हा शब्द देणाऱ्यांनी बहुधा टाक्यांचा हिशेब केला असावा.

आधी डिस्चार्ज कार्ड काढून एक गोष्ट पाहा : गादीचा तुकडा कापला आहे की गादी शिवली आहे? गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा चांगला असतो, तिथली फाट शिवली तर जुळू शकते. आतल्या भागाला रक्तपुरवठा नसल्यामुळे, आणि पन्नाशीत फाट बहुधा झिजेतून आलेली असल्यामुळे, तो भाग बहुतेक वेळा कापावाच लागतो. शिवलेल्या गादीला चार ते सहा आठवडे वजन आणि वाकवणे दोन्ही जपावे लागते, आणि त्यात पुढचा सल्ला पूर्णपणे आपल्या सर्जनचाच घ्यावा. खाली लिहिले आहे ते गादी कापलेली आहे असे धरून.

आपल्या तक्रारीचे मूळ मांडीत आहे. सांध्यात थोडे जरी पाणी साठले, तरी मज्जारज्जूच्या पातळीवरच मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी आज्ञा दबते. आपण कितीही मनावर घेतले तरी तो पूर्ण आवळत नाही, वापराविना बारीक होतो आणि जिना उतरताना, जेव्हा शरीराचा सगळा भार त्याच्यावर येतो, तेव्हा पाय सुटल्यासारखा वाटतो. पलंगावर पाय सरळ ठेवून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती गुडघ्याने खाली दाबा. वाटीच्या वरच्या आतल्या बाजूला, बोटाने चाचपून, स्नायूचा गोळा कडक होतो का ते पाहा, आणि उजव्या पायाशी ताडून पाहा. डावीकडे तो मऊ लागला, तर उत्तर तिथेच मिळाले. पाच सेकंद दाबून धरून दहा वेळा, दिवसातून चारपाचदा. त्यानंतर पाय सरळ ठेवून एक वीत उचला. उचलताना गुडघा किंचित वाकत असेल, तर स्नायू अजून तयार नाही आणि पायात वजन बांधण्याची घाई करू नये. वाटीच्या वर १५ सेंटिमीटरवर टेपने दोन्ही मांड्या मोजून आकडा लिहून ठेवा. दर पंधरवड्याला मोजल्यावर फरक दिसेल, तो हळू येतो.

किती व्यायाम करायचा याचा निकष साधा आहे. आजच्या व्यायामाने दुसऱ्या सकाळी गुडघा कालपेक्षा जास्त सुजलेला किंवा दुखरा असेल, तर प्रमाण थोडे कमी करा, व्यायाम मात्र बंद करू नका. बर्फ सुती कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवा. नागपूरच्या उन्हात बर्फाची पिशवी दहाच मिनिटांत पाणी होते, म्हणून दोन पिशव्या तयार असाव्यात. चालायचे तर फुटाळ्यासारख्या सपाट रस्त्यावर सकाळी चाला, सेमिनरी हिल्सचा उतार सध्या नको.

शाळेबाबत माझे स्पष्ट मत आहे : मुख्याध्यापकांना आत्ताच लेखी अर्ज देऊन पहिल्या सत्रासाठी तळमजल्यावर वर्ग मागा. दिवसाला दोन वेळा जिना चढणे जमेल, चार तासिकांसाठी चार वेळा उतरणे जमेलच असे नाही. उतरताना कठड्याला धरून आधी डावा पाय खाली ठेवावा, चढताना आधी उजवा.

पोटरी एका बाजूला सुजून दुखू लागली, दम लागू लागला, ताप येऊन गुडघा लाल आणि गरम झाला, किंवा गुडघा अडकून सरळच होईना, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आता बहिणीचा प्रश्न. एमआरआयमध्ये गादी फाटलेली दिसली म्हणजे दुखणे तिच्यामुळेच आहे असे होत नाही. पन्नाशीनंतर काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या गुडघ्यातही अशी फाट सापडते. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या, झिजेतून गादी फाटलेल्या १४६ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यांच्यापैकी निम्म्यांची गादी कापली आणि बाकीच्यांची दुर्बीण घालून फक्त पाहणी करून शस्त्रक्रियेचे नाटक केले. वर्षभराने दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे बहिणीचा गुडघा अडकत नसेल आणि मोठी दुखापत झालेली नसेल, तर तिने आधी निदान तीन महिने नियमाने व्यायाम करावा, वजन जास्त असल्यास ते उतरवावे, असे मी सुचवेन. हे वाचून आपल्या झालेल्या ऑपरेशनची हळहळ करू नये. आपल्यालाही शेवटी तोच व्यायाम करायचा आहे.

महालक्ष्म्यांपर्यंत चार महिने उलटलेले असतील. पूजेला पाटावर बसता यावे, पण जाड उशी घ्या, पाय बदलत बसा आणि उठताना उजवा हात भिंतीला असू द्या. उकिडवे बसून सोळा भाज्या चिरण्याचे आणि पंगतीत वाकून वाढण्याचे काम या वर्षी जावा-सुनांकडे द्या. आपण खुर्चीवर बसून पुरणपोळ्यांची मोजदाद करावी.